वाचवणाऱ्याला कोण वाचवणार? जलबचावाची अडीचशे वर्षे (थ्रेड)

१/ ९ फेब्रुवारी १८६१. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबी हे मासेमारीचे बंदर. वादळात एकामागून एक जहाजे किनाऱ्यावर येऊन आदळत होती. गावच्या बचावनौकेने त्या दिवशी पाच वेळा समुद्रात जाऊन खलाशांना परत आणले. सहाव्या खेपेला मात्र नौकाच उलटली.

२/ नौकेत १३ जण होते आणि धक्क्यावर गावकऱ्यांची गर्दी. आपल्याच माणसांना काही अंतरावर बुडताना पाहण्यावाचून त्यांच्या हाती काही उरले नाही. १२ जण बुडाले. एकटा हेन्री फ्रीमन वाचला. नव्या घडणीचे बुचाचे जाकीट अंगात असलेला त्यांच्यातला तो एकमेव होता.

३/ हे जाकीट ब्रिटनच्या राष्ट्रीय जीवरक्षक नौका संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये तयार केले होते. जाड कापडावर बुचाचे तुकडे शिवलेले, दिसायला बोजड. पण ते घालून वल्हे मारता येत असे आणि पाण्यात पडलेल्याचे डोके वर राहत असे. व्हिटबीनंतर त्याची उपयुक्तता कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

४/ बुडणाऱ्याला वाचवणे ही समाजाची संघटित जबाबदारी आहे, हा विचार तसा अलीकडचा. १७६७ मध्ये कालव्यांच्या ॲम्स्टरडॅम शहरात बुडालेल्यांच्या बचावासाठी एक संस्था उभी राहिली. पाण्यातून काढलेला निश्चेष्ट माणूस मृतच असतो असे नाही, हे लोकांना पटवणे हे तिचे पहिले काम होते.

५/ १७७४ मध्ये लंडनमध्ये विल्यम हॉज आणि थॉमस कोगन या वैद्यांनी तशीच संस्था स्थापली. बुडालेल्याला शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न करणाऱ्यास ती बक्षीस देई. उपायांत तोंडाने श्वास देणे होते, तसेच गुदमार्गाने तंबाखूचा धूर सोडणेही होते! दुसरा उपाय पुढे त्याज्य ठरला, पहिला टिकला.

६/ पण हे सारे माणूस पाण्याबाहेर आल्यानंतरचे. त्याला बाहेर आणायचे कोणी आणि कसे? फेब्रुवारी १८०७ मध्ये ग्रेट यारमथजवळ ‘स्नाइप’ ही युद्धनौका फुटली. किनारा जेमतेम साठ यार्डांवर होता, तरी ६७ जण बुडाले. पाहणाऱ्यांत लष्करी अधिकारी जॉर्ज मॅनबी होते.

७/ मॅनबींनी प्रश्न उलटा मांडला. त्या लाटांत माणूस जाऊ शकत नसेल, तर दोर जाऊ शकेल काय? त्यांनी उखळी तोफेच्या गोळ्याला दोर बांधून तो फुटलेल्या जहाजावरून पलीकडे टाकण्याची युक्ती सिद्ध केली. फेब्रुवारी १८०८ मध्ये ‘एलिझाबेथ’ जहाजावरील सात खलाशी तिच्यामुळे वाचले.

८/ या युक्तीचे खरे महत्त्व तोफेत नव्हते. वाचवणारा जमिनीवर उभा राहूनही वाचवू शकतो, हे तिने दाखवले. मधले धोक्याचे अंतर माणसाने नव्हे, साधनाने ओलांडायचे. जलबचावाचे पुढचे सारे शास्त्र या एका सूत्राभोवती फिरते.

९/ वर उल्लेखिलेली राष्ट्रीय संस्था १८२४ मध्ये सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. १८३० मध्ये मॅन बेटाजवळील बचावकार्यात हिलरी स्वतः समुद्रात फेकले गेले, त्यांच्या बरगड्या मोडल्या. पुढे १८३२ मध्ये डग्लस खाडीतल्या घातक खडकावर आपद्ग्रस्तांसाठी त्यांनी आश्रयाचा मनोराच उभारवला.

१०/ आता पुन्हा व्हिटबीकडे. ते १३ जण अनाडी नव्हते, भित्रे तर नव्हतेच. पण पाच खेपांनी शरीर थकले होते आणि समुद्र थकला नव्हता. पाच वेळा मिळालेले यश ही सहाव्या वेळची हमी नसते. फ्रीमन पुढे अनेक वर्षे बचावनौकेचा सुकाणूधर होता. त्याच्या हातून ३०० हून अधिक जीव वाचले. एका जाकिटाने केवळ एकच माणूस वाचवला नव्हता.

११/ १९०६ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर दोराचे रहाट आले. जीवरक्षकाच्या कमरेच्या पट्ट्याला दोर आणि दोराचे दुसरे टोक वाळूवरच्या सहकाऱ्यांच्या हाती. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी पाठोपाठ आलेल्या लाटांनी तिथे शेकडो लोकांना आत ओढले. पाच जण दगावले, बाकी सारे परत आले. दोरामागे सराव केलेली माणसे होती.

१२/ या अनुभवांतून आजचा क्रम रूढ झाला आहे. आधी काठावरून काठी, बांबू वा ओढणी पुढे करा. मग दोर किंवा तरंगणारी वस्तू फेका. ते न जमल्यास होडी न्या. स्वतः उडी घेणे हा शेवटचा मार्ग, तोही प्रशिक्षितांसाठीच. कारण बुडणारा भीतीपोटी जवळच्या माणसाला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात.

१३/ महाराष्ट्राला यातले मूळ तत्त्व परके नाही. पाठीला सुका भोपळा बांधून पोरे पोहायला शिकत, भोपळ्यांच्या सांगडीवरून लोक नदी उतरत. तरीही ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडीच उलटली. होडीत दाटी होती. सुटकेसाठी निघालेली माणसे सुटकेच्या वाटेवर गेली.

१४/ व्हिटबी आणि ब्रह्मनाळ यांच्यामध्ये १५८ वर्षे आहेत. होडीत किती माणसे, अंगात जाकीट आहे का, काठावर दोर कोणाच्या हाती, हे प्रश्न दोन्हीकडे तेच. धाडस दोन्हीकडे होते. धाडसाची वाण कधीच नव्हती. पुराच्या रात्री हे प्रश्न विचारायला उसंत नसते. त्यांची उत्तरे उन्हाळ्यातच, नदी आटलेली असताना तयार ठेवावी लागतात.

(समाप्त)