सारखेपणाची तीन मापे

विटीदांडूच्या खेळात दांडू एकच असतो. विटी कोलायची असो की उडवून लांब टोलवायची असो, हातातले हत्यार बदलत नाही. क्रिकेटचा फलंदाजही एकाच बॅटीने चेंडू अडवतो, ढकलतो आणि सीमेपार भिरकावतो. गोल्फचा खेळाडू मात्र पिशवीत चौदा काठ्या घेऊन निघतो आणि जवळजवळ प्रत्येक फटक्याला काठी बदलतो.

मराठी माणसाला गोल्फ हा शब्द खेळापेक्षा जागेच्या नावाने अधिक परिचित आहे. नाशिकचे गोल्फ क्लब मैदान, म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, क्रिकेटच्या सामन्यांसाठी आणि राजकीय सभांसाठी ठाऊक आहे. त्यामुळे मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी दोन शब्द काठ्यांविषयी सांगायला हवेत. चौदातल्या निम्म्याहून अधिक काठ्यांना ‘आयर्न’ म्हणतात, कारण त्यांचे डोके लोखंडाचे किंवा पोलादाचे असते. त्यांना क्रमांक असतात. क्रमांक लहान, तर डोक्याचा पृष्ठभाग जास्त उभा, दांडा लांब आणि चेंडू दूर. क्रमांक मोठा, तर पृष्ठभाग मागे कललेला, दांडा आखूड आणि चेंडू उंच पण जवळ. या कलाला लॉफ्ट म्हणतात. प्रचलित संचात तीन नंबरचे आयर्न साधारण 39 इंचांचे आणि नऊ नंबरचे 36 इंचांचे असते. मधल्या प्रत्येक पायरीवर दांडा अर्ध्या इंचाने आखूड होत जातो.

प्रश्न या अर्ध्या इंचाचा आहे. चेंडू किती उंच व किती दूर जावा हे लॉफ्ट ठरवू शकत असेल, तर लांबी बदलायचीच कशाला? सर्व आयर्न एकाच लांबीची का असू नयेत? प्रश्न पोरकट वाटतो. तरीही गेल्या चाळीस वर्षांत तो एकदा बाजारात आपटला आणि एकदा अमेरिकन ओपन जिंकून आला. अर्ध्या इंचाची ही पायरी निसर्गनियम आहे की सवय, हे तपासायचे तर ती कुठून आली ते पाहावे लागते.

हाताचे माप

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडमधल्या गोल्फमध्ये लोखंडी काठ्या थोड्याच होत्या. चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून बनवलेला असे. तो महाग असे आणि लोखंडाच्या कडेने सहज फाटे. 1848च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेला टणक, स्वस्त चेंडू आला आणि लोखंडाला मुभा मिळाली. क्लीक, मिड-आयर्न, मॅशी, मॅशी-निब्लिक, निब्लिक अशी नावे असलेल्या काठ्यांची संख्या वाढत गेली.

या काठ्या संच म्हणून जन्माला येत नव्हत्या. लोहार डोके घडवी, कारागीर त्यात अमेरिकेतून आलेल्या हिकरी लाकडाचा दांडा बसवी आणि खेळाडू एकेक काठी हातात घेऊन, फिरवून, पारखून विकत घेई. एक क्लीक एका कारागिराची, तर मॅशी दुसऱ्याच गावची. दूरच्या फटक्याची काठी लांब आणि जवळच्या फटक्याची आखूड हे ढोबळ तत्त्व तेव्हाही होते, पण ठरावीक पायऱ्या नव्हत्या. हिकरीचा कोणताही दांडा दुसऱ्यासारखा नसतो. एक जास्त लवतो, दुसरा जास्त पिळवटतो. अशा लाकडात अर्ध्या इंचाच्या हिशोबाला फारसा अर्थच नव्हता. सारखेपणाचे माप एकच होते, खेळाडूचा हात.

हे माप किती काटेकोर असू शकते याची एक हकिकत गोल्फच्या जगात नेहमी सांगितली जाते. बॉबी जोन्सने 1930मध्ये एकाच वर्षात ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन व हौशी अशा चारही स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या 28व्या वर्षी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. त्याच्या हिकरीच्या काठ्या त्याने एकेक करून, केवळ हाताला जाणवेल त्यावरून जमवल्या होत्या. पुढे त्या उपकरणांवर तपासल्या, तेव्हा फिरवताना लागणाऱ्या जोराच्या दृष्टीने त्या सगळ्या एकमेकींशी जुळल्या. अपवाद मॅशी-निब्लिकचा, आणि नेमकी तीच काठी आपल्याला कायम त्रास देत असे, अशी जोन्सची तक्रार होती. हकिकतीला सांगणाऱ्यांनी थोडा रंग चढवला असेल. तरी एवढे खरे की ‘सारखे’ म्हणजे ‘हाताला सारखे’ हा अर्थ त्या पिढीला पुरेसा होता.

तराजूचे माप

हिकरीची सद्दी संपली ती पोलादाच्या पोकळ दांड्यामुळे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1924मध्ये आणि स्कॉटलंडमधल्या रॉयल अँड एन्शंट क्लबने 1929मध्ये त्याला मान्यता दिली. 1931मध्ये बिली बर्कने पोलादी दांड्यांनी अमेरिकन ओपन जिंकले. पोलादाचे दांडे हजारोंच्या संख्येने एकसारखे निघू लागले. आता कारखान्याला काठी नव्हे, संच विकायचा होता. जुनी नावे मागे पडून क्रमांक आले. पुढे अमेरिकेत 1938पासून आणि ब्रिटनमध्ये 1939पासून पिशवीत चौदाच काठ्या ठेवण्याचा नियम झाला आणि संचाचे रूप पक्के झाले.

संच विकायचा तर त्यातल्या काठ्या ‘जुळलेल्या’ आहेत असे ग्राहकाला सांगता आले पाहिजे. पण गिऱ्हाइकाचा हात कारखान्यात आणता येत नाही, त्यासाठी आकडा लागतो. तो आकडा बॉस्टनच्या रॉबर्ट अॅडम्स यांच्या तराजूने दिला. 1920च्या दशकात त्यांनी बनवलेल्या या तराजूवर काठी मुठीच्या टोकापासून 14 इंचांवर टेकवतात आणि ती डोक्याकडे किती झुकते ते मोजतात. या मापाला स्विंगवेट म्हणतात. संचातल्या सर्व काठ्यांचे स्विंगवेट एकच आले की संच जुळला.

अर्ध्या इंचाच्या पायरीला शास्त्राचे वजन मिळाले ते इथे. दांडा अर्ध्या इंचाने कमी केला की स्विंगवेट घटते. ते पूर्ववत करायला डोक्यात साधारण 7 ग्रॅमची भर घालावी लागते. म्हणजे दर पायरीला अर्धा इंच वजा, सात ग्रॅम अधिक. कारखान्याला याहून सोयीचे गणित मिळणे कठीण. ही शिडी इतकी सुबक होती की ती निसर्गानेच घालून दिली असावी असे पुढच्या पिढ्यांना वाटले.

मात्र तराजू काठीला स्थिर असताना तोलतो आणि खेळाडू तिला वेगाने फिरवतो. फिरणाऱ्या वस्तूचा विरोध अंतराच्या वर्गानुसार वाढतो, तराजूचा झुकाव फक्त अंतराच्या प्रमाणात. म्हणून तराजूवर जुळलेल्या दोन काठ्या फिरवताना तंतोतंत जुळतातच असे नाही. जोन्सच्या हाताने जे जमवले होते, ते नव्या मापाने थोडे निसटले. शिवाय लांबी बदलली की चेंडूपासूनचे अंतर, पाठीचा वाक आणि काठी ज्या प्रतलात फिरते त्याचा उतारही बदलतो. म्हणजे ‘जुळलेल्या’ संचाने खेळणारा माणूस प्रत्येक क्रमांकाला थोडी वेगळी हालचाल शिकत असतो.

लांबीचे माप

यावरचा उघड उपाय म्हणजे सर्व आयर्न एका लांबीची आणि सर्व डोकी एका वजनाची करणे. 1980च्या दशकाच्या अखेरीस टॉमी आर्मर या कंपनीने ‘ईक्यूएल’ नावाने असा संच बाजारात आणलाही. त्याची लांबी सहा नंबरच्या आयर्नइतकी होती. तो चालला नाही. कारण भौतिकच होते. लांब दांड्याचे टोक जास्त वेगाने फिरते. तीन-चार नंबरचा दांडा आखूड केल्यावर तो वेग घटला, आणि इतक्या उभ्या पृष्ठभागावरून चेंडू पुरेसा उंच उडेना. उलट नऊ नंबरचा दांडा लांब झाल्यामुळे चेंडू नको तितका दूर जाऊ लागला. लांब आणि आखूड फटक्यांतली दरी अशी दोन्ही टोकांनी आक्रसली.

कल्पना पुन्हा वर आली ती एका आडवाटेने. सिअॅटलच्या होमर केली या माणसाने 1969मध्ये ‘द गोल्फिंग मशीन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. केली नामांकित खेळाडू नव्हता. जवळजवळ तीन दशके त्याने गोल्फच्या फटक्याचा भूमितीसारखा अभ्यास केला होता. पुस्तक इतके क्लिष्ट की बहुतेकांनी ते बाजूला ठेवले. कॅलिफोर्नियातल्या माइक शाय या प्रशिक्षकाने मात्र ते ब्रायसन डीशॅम्बो या आपल्या किशोरवयीन शिष्याच्या हाती दिले. फटका सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच प्रतलात फिरवता येतो, ही त्यातली शक्यता मुलाने उचलली आणि पुढचा प्रश्न विचारला: प्रतल एकच ठेवायचे तर लांबी वेगवेगळी कशाला? 2011मध्ये गुरू-शिष्यांनी डोकी घासून, त्यांत वजन भरून पहिला संच हाताने जमवला. कारखान्याने बाद केलेली कल्पना पुन्हा कारागिराच्या बाकावर आली होती.

डीशॅम्बोच्या आयर्नची लांबी साडेसदतीस इंच ठरली, म्हणजे पुन्हा सहा नंबरच्याच आसपास. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या या मुलाने काठ्यांना क्रमांकांऐवजी नावे दिली होती. 42 अंशांच्या काठीचे नाव ‘जॅकी’, कारण बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या पाठीवरचा आकडा 42. लांबीचा फरक पुसल्यावर जणू नावांनीच वेगळेपण राखले. 2015मध्ये त्याने अमेरिकेची आंतरविद्यापीठ वैयक्तिक स्पर्धा आणि अमेरिकन अॅमॅच्युअर या दोन्ही एकाच वर्षात जिंकल्या. जॅक निक्लॉस, फिल मिकेल्सन, टायगर वुड्स आणि रायन मूर यांच्यानंतर हे साधणारा तो पाचवा. 2016मध्ये तो व्यावसायिक झाला, कोब्रा कंपनीशी त्याचा करार झाला आणि तिने एका लांबीचे संच बाजारात आणले. त्याच सुमारास अभिकल्पक टॉम विशन यांनीही असा संच काढला. लांब क्रमांकांची घटलेली झेप भरून काढण्यासाठी त्यांनी त्या डोक्यांचा पृष्ठभाग अधिक उसळीचा केला. 1980च्या दशकातली अडचण धातुविद्येने काही अंशी सोडवली होती.

विजय आणि पुरावा

2020मध्ये विंग्ड फूटच्या मैदानावर डीशॅम्बोने अमेरिकन ओपन सहा फटक्यांच्या फरकाने जिंकले. पारपेक्षा कमी फटक्यांत स्पर्धा संपवणारा तो एकटाच होता. 2024मध्ये पाइनहर्स्टला शेवटच्या होलवर सुमारे 55 यार्डांवरच्या वाळूतून चेंडू झेंड्याजवळ टाकून त्याने हीच स्पर्धा रोरी मॅकिलरॉयवर एका फटक्याने मात करून पुन्हा जिंकली. यावरून एका लांबीचा सिद्धांत सिद्ध झाला असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. 2020च्या विजयात त्याने कमावलेल्या शरीराचा आणि ड्रायव्हरने मारलेल्या प्रचंड लांब फटक्यांचा वाटा मोठा होता, आणि ड्रायव्हरचा आयर्नच्या लांबीशी संबंध नाही. एवढ्या यशानंतरही अव्वल व्यावसायिकांची रीघ त्याच्यामागे लागली नाही. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2022पासून लिव्ह गोल्फमध्ये डीशॅम्बोच्याच क्रशर्स संघात खेळू लागला, पण एका लांबीच्या आयर्नसाठी ओळखले जाणारे नाव त्या संघातही कर्णधाराचेच राहिले. लहानपणापासून शिडीच्या पायऱ्या अंगात मुरलेल्या खेळाडूसाठी त्या विसरणे हाच मोठा खर्च असतो.

मग या इतिहासातून हाती काय लागते? हाताचे, तराजूचे आणि लांबीचे अशी सारखेपणाची तीन मापे आपण पाहिली. प्रत्येक माप एक गोष्ट स्थिर ठेवते आणि दुसरी मोकळी सोडते. तराजूने झुकाव स्थिर केला, हालचाल मोकळी सोडली. एका लांबीने हालचाल स्थिर केली आणि झेपेतले अंतर राखण्याचा भार एकट्या लॉफ्टवर टाकला. सगळेच एकसमान करणारा संच होऊ शकत नाही. काय बदलू द्यायचे, एवढीच निवड माणसाच्या हाती असते.

अर्ध्या इंचाची पायरी कारखान्याच्या सोयीतून पक्की झाली म्हणून ती चूक ठरत नाही. लांब फटक्याला लांब दांडा देण्यामागे खरे भौतिकशास्त्र आहे. पण ती शंभर वर्षे टिकली म्हणून अटळही ठरत नाही. निवड म्हणून सुरू झालेली गोष्ट दोन पिढ्यांत नियम होते, आणि नियम झाल्यावर तिची कारणे कोणी विचारत नाही. एका किशोराने ती विचारली तेव्हा उत्तर द्यायला पाठ्यपुस्तक नव्हते, पुन्हा घासून पाहावे लागले. आजही या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही. मात्र दुकानात मांडलेला अर्ध्या-अर्ध्या इंचाचा संच कुणीतरी, कधीतरी, काही कारणाने तसा ठरवला होता, हे आता विसरता येत नाही.