ओवी कुणाची?

जात्यावरच्या ओवीखाली कुण्या कवीचं नाव नसतंय. आमच्या लहानपणी पहाटे दोघी जावा एकाच खुंट्याला हात लावून दळायच्या. एक ओवी सुरू करायची, दुसरी मागून धरायची. ज्या त्या बाईनं त्यात आपल्या भावाचं नाव, आपलं माहेर, आपलं दुखणं घालायचं. सासूपुढं जे बोलता येत नव्हतं, ते जात्याला सांगायचं. आईची ओवी मावशीच्या तोंडी निराळी व्हायची. दोन्ही खऱ्याच.

पुढं गावात पिठाची गिरणी आली. बायांचे खांदे मोकळे झाले, ते बरंच झालं. पण दोघींनी मिळून गायची जागा गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबत्यांना घेऊन १ हजाराहून जास्त गावांतल्या १ लाखावर ओव्या गोळा केल्या, म्हणून तेवढ्या तरी राहिल्या.

आता गॅदरिंगला पोरी रिकामं जातं फिरवून पाठ केलेली ओवी म्हणतात. लोक त्यांना नावं ठेवतात. मी म्हणतो, ठेवू नका. त्यांना एवढंच सांगा, आजीच्या ओवीत तुमची एक ओळ घाला.