फादर जॉर्ज लमेत्र आणि विश्वाचा आरंभ

मुलाने फार शास्त्र वाचले तर त्याची प्रार्थना सुटेल, अशी धास्ती आपल्यातील पुष्कळ आईबापांस वाटत असते. त्यांनी बेल्जियम देशातील या धर्मगुरूंचे चरित्र अवश्य ध्यानी घ्यावे.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ साली शार्लरुआ येथे झाला. येशूसंघीय गुरूंच्या शाळेतून ते लूव्हँच्या विद्यापीठात इंजिनियर होण्यास गेले. तोच १९१४ चे महायुद्ध पेटले. तोफखान्यात राहून, शौर्यपदक मिळवून ते परतले, पण यंत्रविद्येत मन रमेना. गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास करून १९२० साली त्यांनी डॉक्टरची पदवी घेतली, आणि लागलीच सेमिनरीचा दरवाजा ठोठावला. १९२३ साली कार्डिनल मर्सिए यांच्या हस्ते त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते केंब्रिजला एडिंग्टन या ज्योतिर्विदाकडे शिकावयास गेले. झगा अंगावर आणि आकडेमोड हातात, असाच त्यांचा पुढील जन्म गेला.

१९२७ साली त्यांनी निबंध लिहून दाखविले की विश्व स्थिर नसून प्रसरण पावत आहे. आइन्स्टाइन म्हणाले, गणित बरोबर, परंतु कल्पना टाकाऊ! दोनच वर्षांनी अमेरिकेत हबल यांच्या वेधांनी लमेत्रांस पुष्टी दिली. १९३१ साली ते आणखी मागे गेले : सारे विश्व आरंभी एका आद्य अणूत सामावलेले होते, असे त्यांनी मांडले. या लेखाच्या हस्तलिखितात शेवटी परमेश्वराच्या गुप्ततेविषयी चार शब्द होते. छापण्यापूर्वी त्यांनी ते स्वतःच खोडले.

या खोडलेल्या ओळींचे मर्म पुढे कळते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी रोमच्या शास्त्रपरिषदेत, आधुनिक विज्ञान जणू उत्पत्तीच्या आद्य प्रकाशाचीच साक्ष देत आहे, अशा आशयाचे भाषण केले. दुसरा कोणी धर्मगुरू हर्षाने नाचला असता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, नास्तिकास तो नाकारण्यास मोकळा ठेवतो आणि भाविकासही बांधत नाही, असे त्यांचे मत होते. उद्या सिद्धांत चुकला तर त्यावर टेकविलेली श्रद्धा कोठे उभी राहावी? त्यांनी व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांजवळ आपले मन मोकळे केले. १९५२ च्या सप्टेंबरात ज्योतिर्विदांपुढे पोप महोदय पुन्हा बोलले, तेव्हा तो दावा त्यांनी केला नाही. गुरूने गुरुस्वामींपुढेही नम्रपणे सत्य सांगावे, हे धैर्य आम्हांस आद्य अणूहूनही मोठे वाटते.

१९६० साली त्याच शास्त्रपरिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६५ साली दोघा अमेरिकन संशोधकांस आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे एक मंद, जुने किरण सापडले; ते विश्वाच्या तप्त बाल्यावस्थेचे अवशेष होत. ही वार्ता लमेत्रांस आजारपणात एका सहकाऱ्याने सांगितली. पुढे २० जून १९६६ रोजी त्यांनी लूव्हँ येथे देह ठेवला.