समाजसेवेची विद्या

दारी आलेल्या याचकास पसाभर धान्य घालावे, शेजारी कोणी दुखणाईत असल्यास रात्र जागून काढावी, अन्नछत्राला यथाशक्ति वर्गणी द्यावी, ही शिकवण आपल्याकडे मुलांना आजीच्या मांडीवरच मिळते. तिच्यासाठी शाळा काढावी, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होणारास पदविका द्यावी, असे १९३६ साली मुंबईत घडून आले, तेव्हा पुष्कळ सुजाण माणसांनाही हसू आले असल्यास नवल नाही. दयेला प्रशस्तिपत्रक ते कसले? आणि सेवेबद्दल पगार घ्यावयाचा, तर मग ती सेवा कसली? हे दोन प्रश्न वरवर साधे दिसतात. परंतु त्यांचा निकाल लावण्यात दोन खंडांतील माणसांची जवळजवळ सारी हयात खर्ची पडली आहे.

या कथेचा प्रारंभ अमेरिकेत होतो. गेल्या शतकाच्या मागील शतकाच्या अखेरीस, म्हणजे १८७७ पासून पुढे, तेथील मोठमोठ्या शहरांत धर्मादायाची शिस्त लावणाऱ्या संस्था निघाल्या होत्या. एकाच कुटुंबाने चार ठिकाणांहून मदत उचलावी आणि खऱ्या गरजवंताने रिकाम्या हाताने परतावे, हा घोटाळा मोडावा, हा त्यांचा मूळ हेतु. या संस्थांच्या वतीने सुखवस्तु घरांतील स्त्रिया गरिबांच्या बिऱ्हाडी जात, विचारपूस करीत आणि बहुधा उपदेशही करीत. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात नवरा सहा महिने बेकार आहे, तेथे काटकसरीवर व्याख्यान देऊन यावयाचे, हा उपकार की अपकार, हे कोणी ठरवावयाचे?

ते ठरविण्याचे धैर्य मेरी रिचमंड या बाईने केले. तिचा जन्म १८६१ चा. आईबाप लहानपणीच गेले. बाल्टिमोर शहरी आजीने तिला वाढविले. हायस्कूलपलीकडे तिचे शिक्षण झाले नाही. १८८९ साली ती बाल्टिमोरच्या धर्मादाय संस्थेत साहाय्यक खजिनदार म्हणून लागली आणि दोनच वर्षांत तेथील मुख्य चिटणीस झाली. हिशेबाच्या वह्या सांभाळता सांभाळता तिच्या ध्यानात आले की, पैशाचा हिशेब दिडकीपर्यंत लागतो. परंतु ज्या कुटुंबावर तो खर्च झाला त्याचे पुढे काय झाले, याचा हिशेब कोणापाशीच नाही. १८९७ साली टोरोंटो येथे भरलेल्या राष्ट्रीय धर्मादाय परिषदेत तिने निबंध वाचला आणि या कामासाठी शिक्षण देणारी शाळा हवी, अशी उघड मागणी केली. जिने स्वतः कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, तिनेच ही मागणी करावी, यात एक प्रकारचे औचित्य आहे. शिक्षणाची उणीव ज्याला भासली, तोच शिक्षणाची किंमत जाणतो.

दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, न्यूयॉर्कला सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग निघाला. १९०४ साली तो वर्षभराचा झाला आणि पुढे त्यातूनच नावाजलेली शाळा उभी राहिली. युरोपातही स्वस्थता नव्हती. हॉलंडमध्ये आम्स्टरडॅम येथे १८९९ साली अशीच शाळा सुरू झाली होती.

परंतु सामान्य शिक्षणाने भागेना. एका माणसाला सर्वच दुःखांची सारखी समज असणे शक्य नाही, हे लवकरच दिसून आले, आणि ते प्रथम दिसले इस्पितळात. बोस्टन शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल या प्रसिद्ध इस्पितळात डॉक्टर रिचर्ड कॅबट हे बाह्यरुग्ण विभागात काम पाहात असत. रोगाचे निदान करण्यात त्यांचा हातखंडा. तथापि त्यांच्या मनाला एक गोष्ट सारखी टोचू लागली. क्षयी माणसास विश्रांति, दूध आणि मोकळी हवा लिहून द्यावी, आणि तो ज्या कोंदट खोलीतून आला तेथेच परत जावा. मग त्या कागदाचा उपयोग काय? म्हणून १९०५ साली त्यांनी गार्नेट पेल्टन नावाच्या परिचारिकेला रोग्यांच्या घरची परिस्थिति पाहून यावयास नेमले. तिला बसावयास स्वतंत्र खोलीदेखील नव्हती. इस्पितळाच्या बोळात एका बाजूला टेबल मांडून देण्यात आले. थोड्याच महिन्यांत पेल्टनबाईंना स्वतःलाच क्षयाने गाठले. त्यांची जागा आयडा कॅनन यांनी घेतली आणि १९४५ पर्यंत, म्हणजे सुमारे चार दशके, ते काम चालविले. इस्पितळाने या कामाचा खर्च स्वतःकडे घेतला तो १९१९ साली. तोपर्यंत तो बाहेरच्या देणग्यांवर आणि बऱ्याच अंशी कॅबट यांच्या खिशावर चालला होता. मोठ्या संस्था नव्या गोष्टीला जागा देतात, परंतु प्रथम बोळात देतात, हे जगभर सारखेच.

कॅननबाईंचे म्हणणे असे की, इस्पितळात काम करणाऱ्या समाजसेविकेला रोगाची भाषा कळली पाहिजे. ती डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. परंतु क्षयाचा रोगी, हृदयविकाराचा रोगी आणि अपंग मूल यांच्या घरी तीन निरनिराळे प्रश्न उभे राहतात, हे तिला ठाऊक हवे. अशा रीतीने पहिली शाखा फुटली. १९१८ साली इस्पितळांतील समाजसेविकांनी आपला स्वतंत्र संघ काढला. त्याच वर्षी, महायुद्धात मनोभंग झालेल्या शिपायांची शुश्रूषा डोळ्यांपुढे ठेवून, स्मिथ कॉलेजात मनोरुग्णांच्या कामाचे शिक्षण सुरू झाले. शाळकरी मुलांच्या घरी जाणाऱ्या शिक्षिकांनीही आपली वेगळी चूल मांडली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, यांपैकी कोणावरही सरकारचा हुकूम नव्हता. हे सारे त्यांनी आपखुशीने, आपले काम आपल्याला नीट येत नाही या जाणिवेतून केले.

मध्यंतरी या मंडळींना एक सणसणीत चपराक बसली होती. १९१५ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या परिषदेत एब्राहम फ्लेक्स्नर यांना भाषणास पाचारण केले होते. हे गृहस्थ साधे नव्हते. पाच वर्षांपूर्वी यांच्याच अहवालाने अमेरिकेतील कित्येक निकृष्ट वैद्यकशाळांना टाळे लागण्याची वेळ आणली होती. समाजसेवा हा वकिली-वैद्यकीसारखा स्वतंत्र पेशा आहे काय, असा प्रश्न त्यांनी घेतला आणि उत्तर दिले, नाही. समाजसेवक हा रोग्याला वैद्याकडे आणि बेकाराला कारखानदाराकडे नेऊन पोचविणारा मध्यस्थ. त्याची स्वतःची, दुसऱ्यास शिकविता येईल अशी विद्या कोठे आहे? सभेतील लोक खजील झाले. परंतु रुसून न बसता त्यांनी उत्तर शोधावयास घेतले. रिचमंडबाईंचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ १९१७ साली निघाला. निरनिराळ्या संस्थांच्या दप्तरातील कुटुंबांच्या टिपणांचा अभ्यास करून, माहिती कशी मिळवावी, कोणाच्या सांगण्यावर किती विसंबावे, पुरावा आणि तर्क यांत भेद कसा करावा, हे तीत सांगितले आहे. वकिलाची चिकाटी आणि वैद्याची दृष्टि तिने एका साध्या कामाला लावली. या ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. कुटुंबाची इतकी बारकाईने तपासणी करताना, गिरणीमालकाने मजुरी का कापली याची तपासणी कोणी करावयाची, हा प्रश्न मागे पडतो. तो आक्षेप पुढे अनेकांनी घेतला, आणि तो खोटा नाही.

शाखा फुटू लागल्या तशी दुसरीच भीति उत्पन्न झाली. इस्पितळवाली बाई शाळेतल्या बाईची भाषा समजेना. एकाच घरात आजारी बाप, उनाड मुलगा आणि कर्जबाजारी आई असली, तर त्यांचे तीन तुकडे करून तीन संस्थांनी वाटून घ्यावयाचे काय? १९२३ पासून पेन्सिल्व्हेनियातील मिलफर्ड गावी काही अनुभवी मंडळी जमू लागली आणि १९२९ मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा की, खोड एकच आहे, फांद्या अनेक आहेत. विद्यार्थ्याने आधी खोडाचे ज्ञान घ्यावे आणि मग फांदीवर चढावे. १९५५ साली सात निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन एकच राष्ट्रीय संघ झाला. त्या संघाने १९६० मध्ये अनुभवी कार्यकर्त्यांसाठी एक विशेष मान्यता सुरू केली. उच्च पदवी हवी, शिवाय दोन वर्षे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली काम केलेले हवे. ही मान्यता घेण्याची सक्ति नव्हती. ज्याला आपले काम पारखून घ्यावेसे वाटे, त्याने पुढे यावे.

आपल्या देशाकडे वळताना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेवेला शिक्षण लागते ही कल्पना आपण परदेशातून उसनी आणली, असे समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी घातली होती. यांपैकी तीन वर्षे संस्थेच्या वास्तूत अभ्यास आणि दोन वर्षे देशपर्यटन, असा क्रम होता. भावनेच्या भरात व्यासपीठावर उडी मारणाऱ्या तरुणास तीन वर्षे ग्रंथालयात बसविणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने तर याहून अवघड काम केले. पांढरपेशा घरांतील विधवा स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी इस्पितळात धाडले, आणि त्यापायी लोकांचे बोल ऐकून घेतले.

गोखल्यांच्या या पाठशाळेतूनच नारायण मल्हार जोशी हे तयार झाले. ते मूळचे शाळामास्तर. १९११ साली मुंबईत त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांचे जाळे विणले. स्वयंसेवक येत, चार दिवस उत्साहाने राबत आणि चाळीतील वास्तव दिसले की गळून जात. लीगने १९२० साली स्वयंसेवकांसाठी शिक्षणाचा एक अल्प मुदतीचा वर्ग चालविला. आपल्याकडील या शिक्षणाचा पहिला धडा तो हाच.

यापुढचा धागा नागपाड्यात सापडतो. १९२५ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे तरुण अमेरिकन धर्मोपदेशक मराठी मिशनच्या वतीने मुंबईस आले. नागपाडा म्हणजे दाट वस्तीचा, नाना जातिधर्मांच्या कष्टकऱ्यांचा भाग. तेथे त्यांनी ‘नेबरहुड हाउस’ म्हणजे शेजारघर उभारले. इतक्यात टाटा घराण्यात एक घटना घडली. सर दोराबजी टाटा १९३२ साली जर्मनीत निवर्तले. पत्नी मेहेरबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या, मूलबाळ नव्हते. आपली जवळजवळ सारी मालमत्ता त्यांनी विश्वस्त निधीला देऊन टाकली होती. या निधीचा विनियोग कसा करावा, या विचारात मॅन्शार्ट यांचा सल्ला घेण्यात आला, आणि त्यांनी पदवीधरांसाठी समाजसेवेची शाळा सुचविली. १९३६ साली नागपाड्याच्या त्या शेजारघरातच वर्ग भरला. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. वर्षभरात मुलांच्या मनाच्या तक्रारी तपासणारे केंद्रही जोडण्यात आले. मॅन्शार्ट १९४१ मध्ये परत गेले व त्यांच्यामागे जे. एम. कुमारप्पा यांनी सूत्रे हाती घेतली. १९४४ पासून ही शाळा टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

आपल्याकडेही खोडाला फांद्या फुटल्याच. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. इस्पितळात पहिल्या वैद्यकीय समाजसेविकेची नेमणूक झाली. दोनच वर्षांत टाटा संस्थेत वैद्यकीय आणि मानसोपचारविषयक समाजकार्याचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले, डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांचे नाव त्याच्याशी कायमचे निगडित आहे. जे काम बोस्टनच्या बोळात सुरू झाले, ते भायखळ्याच्या इस्पितळात आले, तेव्हा त्याचे रूप मात्र पालटले. कोकणातून एकटाच आलेला गिरणीकामगार खाटेवर पडला की त्याचे घर पाहावयास जावयाचे कोठे? गाळ्यात पंधरा जण राहणारे, आणि खरे घर रत्नागिरीकडे. अमेरिकन ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

दुसरी फांदी कामगारकल्याणाची. १९३१ च्या शाही मजूर आयोगाने गिरण्यांतील जॉबरची सत्ता आणि त्याची दस्तुरी यांवर बोट ठेवले होते. पुढे १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यास कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. कायद्याने जागा निर्माण केल्या. साहजिकच विद्यार्थीही तिकडे वळले. परंतु येथे या पेशाची खरी कसोटी लागली. या अधिकाऱ्याचा पगार मालक देणार, आणि गाऱ्हाणे मात्र तो कामगाराचे ऐकणार. संपाच्या दिवशी त्याने फाटकाच्या आत उभे राहावयाचे की बाहेर? पदविका हातात असून या प्रश्नापुढे भलेभले अडखळले. जोशांच्या लीगमधील बिनपगारी कार्यकर्त्यापुढे हा पेच कधी नव्हता, असे जुनी मंडळी म्हणत. त्यात तथ्य आहे. परंतु तो बिनपगारी कार्यकर्ता संध्याकाळी सहानंतरच येऊ शकत असे, आणि यंत्रात सापडलेला हात सहाची वाट पाहात नाही.

वैद्य वा वकील यांच्याप्रमाणे सर्व समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारे मंडळ भारतात बराच काळ झाले नाही. २०२१ च्या आरोग्यसेवाविषयक कायद्याने वैद्यकीय व मानसोपचार क्षेत्रांतील समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतले. कॅननबाईंची शाखा पुन्हा इतरांच्या पुढे गेली. इतर शाखांत पदवी मिळाल्यावर पुढचे शिक्षण घ्यावे की न घ्यावे, हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर राहिले. संस्था स्वतः अंधेरीमार्गे १९५४ साली देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पहिले वीस विद्यार्थी ज्या वस्तीत बसून शिकले, तो नागपाडा आज बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी अधिक प्रसिद्ध आहे.