सायलेन्सर केवढा असावा?

शेलू स्टेशनाच्या फलाटावर कर्जत लोकलची वाट पाहत उभे राहिले, की दोन आवाज हटकून कानावर येतात. एक उल्हास नदीकडच्या शेतातल्या डिझेल पंपाचा संथ ठोका. दुसरा, सायलेन्सर आतून पोकळ करून घेतलेल्या एखाद्या मोटरसायकलचा. मोटरसायकलला आपण 'फटफटी' म्हणत आलो, ते या आवाजावरूनच. एकदा बरोबरच्या शिक्षकमित्रांनी आम्हाला विचारले, "सिनेमात पिस्तुलाला वीतभर नळी लावली की नुसता 'फुस्' असा आवाज येतो. मग या पंपाला एवढा डबा लावूनही तो गावभर ऐकू कसा येतो?"

उत्तरासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते. हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम याने १८८४ च्या सुमारास स्वयंचलित मशीनगन बनवली. तोफाबंदुकांच्या आवाजात आयुष्य काढलेला हा माणूस उतारवयात बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम (१८६९–१९३६) अमेरिकेतील हार्टफर्ड गावी मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. बापाने बंदुकीचा धडाका वाढवला आणि मुलाने तो कमी करण्याचा ध्यास घेतला! १९०९ मध्ये त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळाले. इंजिन आणि बंदूक या दोघांचे दुखणे एकच आहे, हे त्याने ओळखले होते. दोन्हीकडे दाबाखालचा गरम वायू एकदम मोकळ्या हवेत सुटतो, आणि तोच आवाज करतो. वायूला आधी प्रसरण पावायला, थंड व्हायला जागा दिली, तर तो हळू बाहेर पडेल.

जागा किती द्यायची? हिशोब फळ्यावर मांडता येईल. पोलिसांकडे पूर्वी असे त्या ३०३ रायफलीची नळी सुमारे ६४ सेंटिमीटर लांब, आतला व्यास सुमारे ७.७ मिलिमीटर. म्हणजे नळीत साधारण ३० घन सेंटिमीटर वायू मावतो. सायलेन्सर धरून एकूण जागा ३०० घन सेंटिमीटर झाली, तर बॉईलच्या नियमाने दाब एक दशांशावर येईल. दाब दहापट घटला की आवाज २० डेसिबलने उतरतो. आता जागा दुप्पट, म्हणजे ६०० करू. आवाज ४० डेसिबलने उतरेल का? नाही. दाब निम्मा झाला की फक्त ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे एकूण २६. आणखी ६ हवे असतील तर १२०० घन सेंटिमीटर, म्हणजे सव्वा लिटरचा डबा रायफलीच्या तोंडाशी बांधावा लागेल! आकार पटीने वाढतो, पण फायदा पायरीपायरीने. हा हिशोब ढोबळ आहे. प्रत्यक्षात वायू थंडही होतो, आतल्या पडद्यांवर आपटून त्याची गती मोडते. तरी रायफलीच्या सायलेन्सरने सर्वसाधारणपणे २० ते ३० डेसिबलच कमी होतात.

सायलेन्सरशिवाय रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. त्यातून २५ वजा केले, तरी १३५ उरतात. शिवाय ३०३ ची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने जाते, ध्वनीच्या दुपटीहून अधिक. तिच्यामुळे हवेत उठणारा कडाका नळीबाहेर, वाटेवर होतो. तिथे सायलेन्सर कितीही मोठा असला तरी काय करणार? सिनेमातला 'फुस्' हा सिनेमातलाच.

आता शेतातल्या पंपाकडे वळू. एका सिलिंडरचे, चार टप्प्यांचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १२.५ ठोके पडतात. त्याच्या पटीतले २५, ३७.५, ५० असे खर्जातले सूर त्यात असतात. ५० कंपनांच्या सुराची हवेतली तरंगलांबी ६.८ मीटर. साधा डबा एखादा सूर सर्वात चांगला अडवतो तो आपली लांबी त्या तरंगलांबीच्या पावपट असताना. म्हणजे डबा १.७ मीटर, माणसाच्या उंचीएवढा हवा! गरम वायूत ध्वनीचा वेग वाढतो, म्हणून त्याहूनही लांब. पंपावरचा छोटा डबा वरचे, कर्कश सूर गिळतो. खर्ज सुटतो आणि तोच लांबवर पोचतो. शिक्षकमित्रांच्या प्रश्नाचे उत्तर हे.

पुढे १९३४ मध्ये अमेरिकेने बंदुकीच्या सायलेन्सरवर २०० डॉलरचा जबर कर बसवला. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज दाबणारे साधन बंदुकीतच मोजले जाते. मॅक्झिमच्या कंपनीने त्याआधीच बंदुका सोडून इंजिनांचा आवाज कमी करण्याकडे मोर्चा वळवला होता. तिथे वजन खांद्यावर वाहायचे नसल्याने डबा हवा तेवढा मोठा करता येतो.

मोटरसायकलीला मात्र बेताचाच डबा परवडतो, म्हणून त्यातील पडदे आणि जाळ्या मोलाच्या. १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी सायलेन्सर सक्तीचा केला आहे. तो पोकळ करून घेणारे बहुधा आपलेच माजी विद्यार्थी असतात. आतल्या कानातील नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हायरम स्टीव्हन्स मॅक्झिमच्या बहिरेपणाची गोष्ट वर्गात सांगावी ती यासाठीच.