रिकाम्या रेषेचा इतिहास : बालकांची रंगवही आणि हस्तव्यवसाय

काळ्या रेषेने छापलेले चित्र, त्यातील कोरी जागा आणि ती भरण्यासाठी मुलाच्या हाती दिलेला रंगखडू ही सामग्री आज घरोघरी व बालवाडीत इतकी परिचित झाली आहे की, तिलाही काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वस्तुतः या रिकाम्या रेषेमागे दोन भिन्न प्रेरणा आहेत. एक मुद्रणव्यवसायाची, दुसरी बालशिक्षणाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात त्या एकत्र आल्या. मुलाने रंगवावयाची रेषा कोणी काढावी, हा प्रश्न त्या संगमातून उत्पन्न झाला आणि तो अद्यापि मिटलेला नाही.

प्रथम मुद्रणाचा विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळी रेषा छापणे स्वस्त होते. रंग छापणे दुर्घट व खर्चाचे होते. म्हणून मुलांच्या पुस्तकांतील चित्रे छापून झाल्यावर हाताने रंगविली जात. लंडनच्या प्रकाशकांकडे हे काम बहुधा मुलेच करीत. मेजाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकच रंग असे आणि चित्राचा ताव एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सरकत पुरा होई. म्हणजे छापील रेषेच्या आत रंग भरणे हे मुलांचे काम प्रारंभी खेळ म्हणून नव्हे, तर मजुरी म्हणून अस्तित्वात होते.

याच काळात इंग्लंडमध्ये खेळण्यातील रंगभूमीचे ताव विकले जात. त्यांवर नाटकांतील पात्रे व पडदे छापलेले असत. ते कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून घरातच नाटक मांडावयाचे. साध्या तावाची किंमत एक पेनी आणि रंगविलेल्याची दोन पेनी असे. पुष्कळ मुले साधा तावच घेऊन घरी रंगवीत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८४ साली लिहिलेल्या निबंधात या तावांची आठवण सांगितली आहे. त्याच्या लेखी खरा आनंद नाटक करण्यात नसून ताव निवडण्यात आणि रंगविण्यात होता. जे काम एका मुलाला पोटासाठी करावे लागे, तेच दुसरे मूल पैसे मोजून हौसेने करी, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

पुढे रंगीत मुद्रण सुधारले. एडमंड एव्हान्स या मुद्रकाने लाकडी ठशांवरून अनेक रंगांत छापलेली पुस्तके अल्प किमतीत उपलब्ध करून दिली. त्याने छापलेल्या केट ग्रीनअवेच्या ‘अंडर द विंडो’ या पुस्तकाच्या पहिल्याच आवृत्तीच्या, १८७९ साली, वीस हजार प्रती निघाल्या. त्याच वर्षी कॅसल या प्रकाशनसंस्थेने ग्रीनअवेचीच चित्रे केवळ बाह्यरेषांत छापून मुलांसाठी रंगवही प्रसिद्ध केली. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. रंग छापता येत नव्हता तोवर कोरे चित्र अपुरे मानले जाई; रंग छापता येऊ लागल्यावर ते मुद्दाम कोरे ठेवण्यात आले. जी उणीव होती, तिचाच माल झाला.

दुसरी प्रेरणा जर्मनीतील. फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हे नाव दिले. कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम, पुठ्ठ्यावर टोचून पाडलेल्या भोकांतून रंगीत दोरा ओवणे असे अनेक हस्तव्यवसाय त्याने योजिले. चित्रकलेसाठी चौकटी आखलेली पाटी असे. तीवर मूल प्रथम एका घराएवढी उभी रेघ काढी, मग दोन घरांएवढी, आणि अशा रेघांतून पुढे आकृती साधे. येथे आधार बाहेरून दिलेला असला, तरी रेषा मुलाच्या हातची होती. सृष्टीतील एकसूत्रता मुलाने स्वतःच्या कृतीतून अनुभवावी हा फ्रोबेलचा हेतू होता. १८५१ साली प्रशियाच्या शासनाने बालोद्यानांवर बंदी घातली; ती १८६० साली उठली, परंतु तत्पूर्वीच फ्रोबेल निवर्तला होता.

या दोन प्रवाहांची गाठ अमेरिकेत पडली. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील मिल्टन ब्रॅडली हा व्यवसायाने शिळामुद्रक होता. एलिझाबेथ पीबडी या शिक्षणप्रचारिकेच्या प्रभावाने त्याने १८६९ साली बालोद्यानाविषयी एडवर्ड वीबेचे मार्गदर्शक पुस्तक छापले आणि पुढे फ्रोबेलचे साहित्य, रंगीत कागद व खडू यांचे उत्पादन सुरू केले. ज्या वस्तू शिक्षिकेने आखून-कापून सिद्ध करावयाच्या, त्या आता कारखान्यातून तयार येऊ लागल्या. प्रसारासाठी हे उपकारक ठरले. परंतु हेतू मागे पडून केवळ साहित्य पुढे जाण्याची वाटही येथेच मोकळी झाली. १९०३ साली बिनी अँड स्मिथ या संस्थेने आठ मेणखडूंची पेटी पाच सेंटांना विक्रीस आणली. रिचर्ड औटकॉल्टच्या चित्रमालिकेतील बस्टर ब्राऊन या खोडकर मुलाची रंगवही १९०७ साली निघाली. १९३० नंतरच्या दशकात हलक्या कागदावर छापलेल्या रंगवह्यांतून चित्रपटांतील व चित्रमालिकांतील पात्रे घरोघर पोचली. आता रेषा केवळ छापील राहिली नाही. ती दुसऱ्याच्या मालकीची झाली.

या प्रथेवरील आक्षेप व्हिएन्नाहून आला असे म्हणता येईल. तेथे फ्रांत्स चिझेक याने १८९७ साली मुलांचा कलावर्ग सुरू करून बालकाचे चित्र ही प्रौढांच्या चित्राची अपुरी नक्कल नसून स्वतंत्र अभिव्यक्ती आहे, हा विचार रुजविला. त्याच नगरीत अंध मुलांना मातीकाम शिकविणारा व्हिक्टर लोवेनफेल्ड १९३८ साली देश सोडून पुढे अमेरिकेत गेला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या ग्रंथात त्याने बालकाच्या स्वतंत्र चित्रनिर्मितीचा पक्ष मांडला आणि रंगवह्यांवर कठोर टीका केली. तिच्या समर्थनार्थ दिले जाणारे उदाहरण प्रसिद्ध आहे. मूल प्रथम आपल्या मनाने पक्षी काढते. मग त्याला छापील पक्षी गिरवावयास व रंगवावयास दिला जातो. त्यानंतर ते पुन्हा पक्षी काढते तेव्हा तो छापील साच्याचाच उतरतो. स्वतःचा पक्षी त्याला विसरावा लागतो. मारिया माँटेसरीची योजना मात्र वेगळी होती. तिच्या शाळेत मूल धातूच्या चौकटीच्या आधाराने आकृती स्वतः काढी आणि ती रंगीत पेन्सिलीच्या रेघांनी भरी. चित्र निर्माण करणे हा तेथे उद्देशच नव्हता. लेखनासाठी हात सिद्ध करणे हा होता. साधनाचा हेतू स्पष्ट असल्यामुळे या भरण्याला कलेचे नाव देण्याचा प्रश्न उद्भवला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. भावनगर येथे गिजुभाई बधेकांसमवेत माँटेसरी पद्धतीचा अनुभव घेतलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरीब व आदिवासी वस्तीत परदेशी पद्धतीचे महाग साहित्य परवडणारे नव्हते. तेव्हा बिया, पाने, काड्या, खडे, शंख-शिंपले यांतूनच शिक्षणसाहित्य उभे करण्यात आले. या निवडीमागे काटकसर होती हे खरे. तथापि तिचे फलित काटकसरीपुरते मर्यादित नव्हते. बियांना बाह्यरेषा नसते. मांडणी मुलालाच करावी लागते. ठिपक्यांच्या रांगोळीतही ठिपके ठरलेले असले, तरी रेषा काढणाऱ्याच्या हातचीच असते. फ्रोबेलच्या चौकटीच्या पाटीशी तिचे हे साम्य मननीय आहे.

चक्रमुद्रणाने, त्यानंतर १९५९ साली बाजारात आलेल्या झेरॉक्स यंत्राने आणि आता घरगुती मुद्रकाने छापील रेषा जवळजवळ फुकट केली आहे. ज्या बालवाडीत एका शिक्षिकेकडे अनेक मुले असतात, तेथे असा ताव वाटणे सोयीचे ठरते आणि सर्व मुले काही काळ शांत बसतात. ही सोय तुच्छ लेखण्याचे कारण नाही. हाताला वळण लावणे, खडू धरण्याची सवय होणे, मनाला विसावा मिळणे, इतके काम छापील चित्र करू शकते. परंतु स्वस्त असते म्हणून तेच सर्वत्र दिले जाते आणि कोऱ्या कागदाची, मातीची व घोटीव कागदाची जागा ते घेते, तेव्हा शिक्षणाचा निर्णय पुन्हा मुद्रणाच्या अर्थशास्त्राकडे जातो. लंडनच्या मेजाभोवती बसलेल्या मुलांना रेषा निवडण्याची मुभा नव्हती, कारण ती मजूर होती. आजच्या बालकाच्या बाबतीत तसे कारण उरलेले नाही.