स्तन्यपान आणि दोन बाळंतपणांतील अंतर : एका लोकसमजुतीचा इतिहास

मूल अंगावर पीत आहे तोवर बाळंतिणीस पुन्हा दिवस जात नाहीत, ही समजूत अनेक समाजांत पूर्वापार आढळते. तथापि अंगावर पाजत असतानाच पुन्हा गर्भ राहिल्याची उदाहरणेही सर्वत्र असल्याने ती बेभरवशाची गणली गेली. ती सर्वथा खरी नव्हती, तशीच सर्वथा खोटीही नव्हती. कोणत्या अटींवर ती खरी ठरते, हा निर्णय मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच होऊ शकला.

ह्या शोधाला कलहारीतील कुंग लोकांच्या अभ्यासाने मोठे साहाय्य केले. कृत्रिम संततिनियमन न करताही त्यांच्या दोन अपत्यांत साडेतीन वर्षांहून अधिक अंतर पडे. मेल्विन कॉनर व कॅरोल वर्थमन यांनी १९८० साली दाखविले की, तेथील माता मुलास तासातून अनेक वेळा, थोडे थोडे पाजीत असत. म्हणजे केवळ पाजण्याच्या कालावधीस नव्हे, तर त्याच्या वारंवारतेसही महत्त्व होते. बालकाच्या चोखण्याने निर्माण होणारी संवेदना मज्जातंतूंवाटे मेंदूपर्यंत पोहोचते. त्यामुळे बीजकोशास चेतना देणाऱ्या अंतःस्रावांचे स्पंदन मंदावते आणि बीजमोचन लांबणीवर पडते. दोन पाजण्यांतील अंतर वाढले, वरचे दूध वा अन्न सुरू झाले, की हा निरोध ढिला होतो.

ऑगस्ट १९८८ मध्ये इटलीतील बेलाज्यो येथे जमलेल्या तज्ज्ञांनी ह्या ज्ञानास निश्चित रूप दिले. प्रसूतीस सहा महिने झालेले नसावेत, मासिक पाळी परत आलेली नसावी आणि बालक पूर्णतः वा जवळजवळ पूर्णतः अंगावर पीत असावे, ह्या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्यास ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९५ साली तेथेच भरलेल्या दुसऱ्या परिषदेने तो कायम केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने नवी दिल्लीसह सात केंद्रांत केलेल्या पाहणीचे निष्कर्षही १९९९ साली ह्यास अनुकूलच निघाले.

ह्या तीन अटींतच जुन्या समजुतीच्या अपयशाचे कारण सापडते. बीजमोचन पाळीच्या आधी होते; म्हणून सहा महिन्यांनंतर पाळी आलेली नसतानाही गर्भ राहू शकतो. लोकानुभवाने कारण अचूक ओळखले होते, परंतु त्याची मर्यादा आखली नव्हती. ती न आखल्याचे परिणाम अखेर त्या बाळंतिणीलाच भोगावे लागत. म्हणूनच तीनपैकी एकही अट सुटताच दुसऱ्या साधनाचा अवलंब करावा, हे सांगणे ह्या पद्धतीचे गौण परिशिष्ट नसून तिचे आवश्यक अंगच होय.